आयन-प्रणोदक आणि टाकीची भिंत

पृथ्वीवर निर्वात जागा निर्माण करावयाची तर ती एखाद्या पात्रातच करावी लागते, आणि पात्र म्हटले की भिंत आली. आयन-प्रणोदकांच्या परीक्षणात या भिंतीने जो घोटाळा केला, तो उपकरणांची किरकोळ अडचण म्हणून सोडून देण्याजोगा नाही. प्रयोगाचा पुरावा कितपत ग्राह्य मानावा, हाच प्रश्न त्यातून उभा राहिला.

अमेरिकेत क्लीव्हलंड येथील नासाच्या लुइस संशोधन केंद्रात हॅरल्ड कॉफमन यांनी १९५९ च्या सुमारास पाऱ्याच्या बाष्पावर चालणारा प्रणोदक सिद्ध केला. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने पाऱ्याचे अणू धनभारित होत आणि जाळ्यांमधील उच्च विद्युद्दाबाने ते अतिवेगाने बाहेर फेकले जात. मात्र सतत धनभार बाहेर टाकणारे यान स्वतः ऋणभारित होणार व गेलेले आयन मागे ओढणार, हे उघड होते. म्हणून झोतात तितकेच इलेक्ट्रॉन सोडणे अवश्य होते. टाकीत हे साधत असल्याचे दिसे. परंतु धातूच्या भिंतीवर आयन आदळले की तिच्यातूनही इलेक्ट्रॉन सुटतात. मग झोत उदासीन झाला तो रचनेच्या गुणाने, की भिंतीच्या कृपेने? टाकी मोठी केली तरी शंका पुरती फिटेना.

अखेर २० जुलै १९६४ रोजी वॉलप्स बेटावरून स्काउट अग्निबाणाने ‘सर्ट-१’ हे यान तासाभराहून कमी मुदतीच्या उड्डाणासाठी सोडण्यात आले. त्यावरील सीझियमचा प्रणोदक विद्युत्-मंडलातील दोषामुळे चाललाच नाही. कॉफमन यांचा ३१ मिनिटे चालला. प्रणोद मोजण्याची युक्ती मोठी सुबक होती. यान स्वतःभोवती फिरत होते आणि प्रणोदक त्याच्या कडेला बसविलेला होता. तेव्हा फिरण्याच्या गतीतील बदलावरूनच प्रणोद काढता आला. झोत उदासीन होत होता. टाकीतील निष्कर्ष खरा ठरला, पण टाकीबाहेर गेल्यावर.

पुढे भिंतीचा दुसरा उपद्रव ध्यानात आला. आयनांच्या आघाताने भिंतीचे कण उडून प्रणोदकावरच बसतात व त्याची झीज झाकतात. शिल्लक राहिलेला वायू आत शिरून मापनही बिघडवितो. भिंतींना ग्रॅफाइटचे अस्तर दिले तरी कार्बनचा थर हिशेबात धरावाच लागतो. ‘डीप स्पेस-१’ यानाचा झेनॉन-प्रणोदक नोव्हेंबर १९९८ मध्ये पहिल्यांदा सुरू केला, तेव्हा अवघ्या साडेचार मिनिटांत थांबला. जाळ्यांमध्ये एखादा कण अडकला असावा, असा तर्क होता. दोन आठवड्यांनी तो पुन्हा चालू झाला. त्याच यानासाठी राखून ठेवलेला जोड-प्रणोदक जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतील टाकीत २००३ पर्यंत ३०,३५२ तास चालविण्यात आला.