चौऱ्याण्णव सेकंदांची कुस्ती

४ मे २०२४ला मोबाइलवर गूगल उघडलं असेल, तर त्या नावासोबत एका पैलवान बाईचं चित्र तुम्हाला दिसलं असेल. बहुतेकांनी नाव वाचलं, क्षणभर थांबले आणि पुढे सरकले. ती हमीदा बानू. सत्तर वर्षांपूर्वी, मे १९५४च्या सुरुवातीला, तिने बडोद्यात एका पुरुष पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चितपट केलं होतं. म्हणजे अवघी ९४ सेकंदं. बातमी परदेशी वृत्तसंस्थांनीही उचलली.

ते वर्षच तिचं होतं. फेब्रुवारीत तिने जाहीर आव्हान दिलं: जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. त्या वेळी ती तिशीत होती. पुढच्या काही आठवड्यांत तिने पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक, असे दोन नावाजलेले पैलवान पाडले. बडोद्याची कुस्ती ही वर्षातली तिसरी. तिथे तिची जोड आधी लागली होती ती छोटे गामा पैलवानाशी. त्याला बडोद्याच्या महाराजांचा आश्रय होता. गावभर गाड्यांवरून जाहिरात झाली होती. ऐन वेळी या पैलवानाने माघार घेतली. बाईशी लढणार नाही, असं कारण दिलं. मग बाबा पैलवान उतरला. ९४ सेकंदांनंतर पंचांनी निकाल दिला आणि लग्नाचा विषय तिथेच मिटला. बाबा पैलवानाने ही आपली शेवटची कुस्ती असल्याचं जाहीर करून टाकलं.

याच वर्षी मुंबईत ती वेरा चिस्टिलिन या बाईशी लढली. जाहिरातीत वेराला रशियाची ‘मादी अस्वल’ म्हटलं होतं. ती कुस्ती एक मिनिटही टिकली नाही. त्यानंतर हमीदाने सांगितलं, आता युरोपात जाऊन तिथल्या पैलवानांशी लढणार.

हमीदा मूळची उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरची. कुस्ती शिकायला अलीगढला सलाम पैलवानाकडे गेली आणि वर्तमानपत्रांनी तिला अलीगढचीच करून टाकलं. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. तिचा खुराक पेपरात छापून यायचा: दिवसाला साडेपाच लिटरच्या वर दूध, जवळपास तीन लिटर सूप, एक कोंबडी, किलोभर मटण, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, बदाम, दोन मोठे पाव, दोन ताटं बिर्याणी. नऊ तास झोप, सहा तास मेहनत. आणि जिंकलेल्या कुस्त्या तीनशेच्या वर, असा तिचा दावा.

इथे वाचणाऱ्याच्या मनात शंका येणारच. तीनशे? एकही हार नाही? दीड मिनिटात पुरुष पैलवान गार? आजच्या भाषेत विचारायचं तर, हे ‘स्क्रिप्टेड’ होतं का?

ही शंका तेव्हाच्या लोकांनाही आली होती. कोल्हापुरात तिने शोभासिंग पंजाबी या पैलवानाला हरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगड मारले, पोलिसांना बोलवावं लागलं. लोक म्हणाले, सगळा तमाशा आहे. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. कुस्त्यांवर बंदी येऊ लागली तेव्हा तिने थेट मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. उत्तर आलं: बाई म्हणून बंदी घातलेली नाही, तुमचे आयोजक समोर नकली पैलवान उभे करतात, अशा तक्रारी आहेत.

कोल्हापूरकरांच्या रागालाही एक बाजू होती. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान बांधलं. तिथल्या माणसासाठी कुस्ती ही तिकीट काढून बघायची करमणूक एवढीच कधी नव्हती. दोनच वर्षांपूर्वी, १९५२मध्ये, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं होतं. तालमीत वर्षानुवर्षं घाम गाळणाऱ्या पोरांना, पोस्टरवर लग्नाचा पण लावून भरवलेली कुस्ती म्हणजे लाल मातीची थट्टा वाटली असेल, तर त्यात नवल नाही. हमीदाच्या सगळ्या कुस्त्या सचोटीच्या होत्या, असं कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. तेव्हाच्या व्यावसायिक फ्रीस्टाइलमध्ये निकाल आधी ठरवण्याची पद्धत जगभर रूढ होती.

पण मग त्याच वर्षीचा दुसरा पैलवान बघा. १९५४मध्ये दारासिंग टायगर जोगिंदरसिंगला हरवून ‘रुस्तम-ए-हिंद’ झाला. पुढे तोही याच फ्रीस्टाइलच्या जगात मोठा झाला. तिथेही भडक पोस्टरं होती, अस्वलासारखे दिसणारे परदेशी मल्ल होते, न हरण्याचे दावे होते. कुजबुज त्याच्याही कुस्त्यांबद्दल असायची. त्याच्यावर मात्र देशाने जीव लावला. १९६८मध्ये मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवून तो जगज्जेता ठरला, टीव्हीवर हनुमान झाला, राज्यसभेत गेला. लोकांनी त्याच्या खेळातला खेळ ओळखला आणि तरीही टाळ्या वाजवल्या. दारासिंगची ताकद खरी होती, यात वादच नाही. प्रश्न इतकाच की सहा तास मेहनत करणाऱ्या हमीदाला तीच सवलत का मिळाली नाही.

उत्तर बडोद्याच्या माघारीत सापडतं. बाईशी लढणाऱ्या पुरुषापुढे तेव्हा एकही बरा पर्याय नव्हता. जिंकला तर त्यात कसली मर्दुमकी? हरला तर तोंड दाखवायला जागा नाही. म्हणून नाव कमावलेला मल्ल बाजूला व्हायचा आणि कमी नावाचा समोर यायचा. मग लोक म्हणायचे, हिच्यासमोर नकलीच पैलवान येतात. लढायला नकार देणाऱ्याची अब्रू शाबूत राहायची आणि संशय लढणारीवर यायचा.

बायकांशी लढावं, तर तसं मैदान देशात नव्हतं. तिच्यासाठी ना किताब होता, ना गदा, ना वजनगट, ना नोंदवही. पुरुषांच्या कुस्तीची घडी तेव्हा बसत होती. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ची. हमीदाला स्वतःचं अजिंक्यपद स्वतःच जाहीर करावं लागलं, पोस्टरवर. लग्नाचा पण हाही त्यातलाच भाग असावा: पुरुष मल्लाला मैदानात ओढायचं आणि तिकिटंही खपवायची.

हा निव्वळ आपल्याकडचा प्रकार होता, असंही नाही. अमेरिकेत मिल्ड्रेड बर्क ही १९३७पासून महिलांची विजेती मानली जायची. सुरुवातीला तीही पुरुषांशी लढली होती. तिचा नवरा बिली वुल्फ हाच तिचा व्यवस्थापक. लग्न मोडलं, पण धंद्याच्या नाड्या त्याच्याच हातात राहिल्या. २० ऑगस्ट १९५४ला अटलांटात बर्कची लढत जून बायर्सशी झाली. ही बायर्स वुल्फची सून. तीन डावांपैकी पहिला बायर्सने घेतला, दुसरा निकालाविना लांबत गेला आणि तासाभराने सामना थांबवण्यात आला. नियमाने बर्क हरली नव्हती. तरी आयोजकांनी पुढे बायर्सलाच विजेती म्हणून चालवलं. एकाच वर्षी, दोन टोकांना, दोन बायकांच्या हातून मैदान निसटत होतं, आणि दोघींची कारकीर्द एकेका पुरुषाच्या मुठीत होती.

हमीदाच्या बाबतीत तो पुरुष म्हणजे वस्ताद सलाम पैलवान. तिच्या नातवाने आणि शेजाऱ्याने पुढे पत्रकारांना सांगितलेल्या आठवणी अशा: तिने युरोपला जायचं म्हटलेलं सलामला रुचलं नाही. त्याने काठीने मारून तिचे हात मोडले. पायांना इतकी इजा झाली की ती उभी राहू शकेना. नंतर कितीतरी वर्षं काठीशिवाय तिला नीट चालता येत नव्हतं. युरोपची घोषणा पेपरात आली आणि त्यानंतर कुस्तीच्या बातम्यांतून हमीदा बानू दिसेनाशी झाली. आखाड्यात जिला कुणी पाडलं नाही असं पोस्टर सांगत होतं, तिला घरात पाडलं गेलं. त्या लढतीला पंच नव्हता.

ती कल्याणला राहिली. म्हशींचं दूध विकलं, खोल्या भाड्याने दिल्या, पैसे संपले तेव्हा रस्त्याच्या कडेला खाण्याचे पदार्थ विकले. १९८६मध्ये ती गेली. ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती यायला त्यानंतर अठरा वर्षं लागली, आणि साक्षी मलिकने भारतासाठी त्यातलं पहिलं पदक आणलं ते २०१६मध्ये.

महाराष्ट्रात पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली मार्च २०२३मध्ये, सांगलीला. अंतिम कुस्तीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने वैष्णवी पाटीलला हरवलं. वैष्णवी कल्याणची. या कुस्तीत एक मुलगी जिंकली, एक हरली, आणि दोघींची नावं नोंदली गेली. समोरचा पैलवान खरा होता की नकली, हे कुणी विचारलं नाही.