बडोग बोगदा

हिमाचल प्रदेशाच्या सोलन जिल्ह्यातील, कालका–शिमला रेल्वेमार्गावरचा सर्वांत लांब बोगदा. मार्गावरील क्रमांक ३३, लांबी १,१४३.६१ मीटर, बांधकाम १९०० ते १९०३. कालक्याहून येणारी गाडी बोगद्याबाहेर पडताच बडोग स्थानक लागते. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,५३० मीटर उंचीवर, चीड वृक्षांच्या दाट वनात आहे. मार्ग नॅरो गेज असून रुळांमधील अंतर ७६२ मिमी, म्हणजे माथेरानच्या रुळांपेक्षा सहा इंच जास्त आहे. ९ नोव्हेंबर १९०३ रोजी तो वाहतुकीस खुला झाला आणि २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

झपाटलेला बोगदा म्हणून सर्रास ३३ क्रमांकाचे नाव घेतले जाते. मात्र दंतकथेचे मूळ याच डोंगरात सुमारे एक किलोमीटरवर असलेल्या, अर्धवट सोडलेल्या दुसऱ्या बोगद्यात आहे. वाटसरूंची गल्लत होते ती येथेच.

कथा अशी : कर्नल बडोग नावाच्या इंग्रज अभियंत्याकडे बोगद्याचे काम होते. वेळ वाचावा म्हणून त्याने डोंगराच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी खोदाई सुरू केली. पण आखणी चुकली आणि दोन्ही टोके एकमेकांना भेटलीच नाहीत. सरकारने त्याला एक रुपया दंड केला. रक्कम नाममात्र होती, अपमान मोठा होता. एके दिवशी कुत्र्याला घेऊन तो फिरायला निघाला आणि त्या अपुऱ्या बोगद्याजवळ त्याने स्वतःवर गोळी झाडली. त्याला तिथेच पुरले, असे सांगतात. तेव्हापासून त्याचा आत्मा बोगद्यात वावरतो. आतून कण्हण्याचे आवाज येतात, दाराला लावलेले कुलूप टिकत नाही, असेही लोक म्हणतात. हे भूत कोणाला त्रास मात्र देत नाही. उलट भेटेल त्याच्याशी दोन शब्द बोलते, अशी या भागातली समजूत आहे. कथा सर्वतोमुखी असली तरी कर्नलचे पहिले नाव कोणी सांगत नाही आणि त्याची कबर खात्रीने दाखवता येत नाही. म्हणून ही हकिकत इतिहास न मानता दंतकथाच मानावी.

आखणी चुकणे मात्र पूर्णपणे संभवनीय आहे. दोन्ही बाजूंनी खोदताना मधला डोंगर आरपार दिसत नाही. डोंगरावरून मोजणी करून दिशा ठरवायची आणि ती दोन्ही तोंडांशी जमिनीखाली उतरवायची, एवढाच उपाय असतो. त्यात एका बाजूला एका अंशाची चूक झाली, तर पाऊणशे-शंभर मीटर खोदेपर्यंत रेषा मीटरभराहून अधिक सरकते. पावणेसहाशे मीटरवर हा फरक दहा मीटरांपर्यंत जातो. कण्हण्याच्या आवाजांचेही कारण सापडते. जुन्या बोगद्यात पाणी झिरपते, आणि बंद पोकळीत पडणारा थेंबसुद्धा घुमतो.

नव्या, म्हणजे ३३ क्रमांकाच्या बोगद्याचे काम मुख्य अभियंता हॅरिंग्टन यांनी पुरे केले. त्यांना वाट दाखवली ती चायलजवळच्या झाझा गावच्या भलकू यांनी. लिहिता-वाचता न येणाऱ्या या डोंगरी माणसाने हातातली काठी खडकावर आपटत बोगद्याची रेषा सांगितली, असे परंपरा मानते. काठीचा चमत्कार बाजूला ठेवला तरी जन्मभर पायाखाली असलेल्या डोंगराची त्यांची जाण खरी होती, यात शंका घेण्याचे कारण नाही. शिमल्याच्या रेल्वे संग्रहालयाला त्यांचे नाव दिले आहे. भुताच्या गोष्टीत मात्र ते जेमतेम एका वाक्यापुरते येतात, आणि प्रत्यक्ष खडक फोडणारे मजूर तर येतच नाहीत. या स्थळाच्या कीर्तीतला हा मोठा अन्याय आहे. आत्महत्येची कथा रंगवून सांगणाऱ्यांनी, ज्यांच्यामुळे गाडी आजही चालते, त्यांना आधी आठवायला हवे.

कालका–शिमला गाडीने गेल्यास ताशी २५ किमी वेगाने बोगदा ओलांडायला अडीच ते तीन मिनिटे लागतात. सोलनहून रस्त्यानेही बडोगला पोहोचता येते. जुन्या बोगद्याकडे स्थानकाच्या वरच्या वनातून पायवाट जाते. ती चढणीची असून तिथे माहितगार स्थानिक सोबत असावा. तोंडापाशी चिखल आणि पाणी असते, आतला खडक आधाराविना आहे. तेव्हा बाहेरूनच पाहावे. पावसाळ्यात दरडी कोसळून मार्ग बंद पडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये शिमल्याजवळ समर हिल येथे रुळांखालची जमीनच वाहून गेली होती. त्यामुळे मार्च ते जून किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ सोयीचा. ३३ क्रमांकाच्या बोगद्यातून गाड्यांची नियमित ये-जा असल्याने त्यात पायी शिरणे धोक्याचे आहे, आणि रेल्वे अधिनियम, १९८९ नुसार तो दंडनीय गुन्हाही आहे.