दारूबंदीच्या राज्यात दारूचा महसूल

पोलीस ठाण्याच्या प्रेसनोटमध्ये एक ओळ ठरलेली असते : 'महाराष्ट्र दारूबंदी कायदा कलम ६५ (ई) प्रमाणे गुन्हा दाखल.' म्हणजे आपल्याकडे कायदा आजही बंदीचाच आहे, १९४९ चा. प्यायला परवाना लागतो. किती जणांच्या खिशात तो आहे, विचारू नका.

गुटखाबंदीवरच्या परवाच्या पोस्टखाली बरेच जण म्हणाले, बंदी नको, कर वाढवा. तोही प्रयोग जुनाच आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने इंग्रजांनी ताडाच्या झाडावर जबर कर बसवला, गावातल्या भट्ट्या बंद केल्या आणि दारू गाळायचा मक्ता ठेकेदारांना दिला. सांगायला काय, तर महाग झाली की लोक कमी पितील. १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवरसुद्धा निर्बंध आले. आदिवासी ती फुलं टंचाईत खायचेही. पण दारातल्या झाडाचं फूल घरात ठेवणं गुन्हा झाला! तिजोरी मात्र भरली. पुणे नगरपालिकेत सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८० मध्येच शहरातल्या वाढत्या दारू दुकानांना लेखी विरोध केला होता.

हा राग काँग्रेसने उचलला. १९५० मध्ये, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, सगळ्या मुंबई राज्यात दारूबंदी झाली. पुढे काय झालं ते जुन्या लोकांना विचारा. हातभट्टी, ट्यूबमधून वाहतूक, पोलिसांचा हप्ता. शेवटी वसंतराव नाईकांच्या सरकारने बंदी सैल केली. चंद्रपुरात २०१५ ला केलेली बंदी तर २०२१ मध्ये सरकारनेच उठवली.

माझं मत विचाराल तर कर बरा, पण ज्याला त्या पैशाची सवय लागते ते सरकार दुकान कशाला बंद करेल? मला त्यातल्या त्यात आडव्या बाटलीची तरतूद पटते. ती मागणी गावातल्या बायकांकडून येते, मुंबईहून नाही. फक्त तिथेही मेख आहे. झालेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. आपल्याकडच्या कितीतरी बाया ऊसतोडीला गेलेल्या असतात. त्यांचं नाव यादीत, त्या फडात. न दिलेलं ते मत उभ्या बाटलीच्याच कामी येतं.