बालसंरक्षण व्यवस्था आणि वंशभेद (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

मुलाचा छळ किंवा हेळसांड होत असल्याची तक्रार आली की चौकशी करण्याचा, आणि न्यायालयाच्या संमतीने मूल काढून घेऊन फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारी खर्चाने दुसऱ्या घरी किंवा संस्थेत ठेवण्याचा अधिकार अमेरिकेत घटकराज्यांकडे आहे. त्याची झळ सर्व समाजांना सारखी बसत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार, अठरा वर्षांचे होईपर्यंत सुमारे ३७ टक्के मुलांच्या घरी अशी चौकशी एकदा तरी होते. कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत हे प्रमाण ५३ टक्के आहे. ही तफावत बहुधा अधिकाऱ्यांच्या पूर्वग्रहाच्या खात्यावर टाकली जाते. पूर्वग्रह आहेच; पण माणसे बदलली तरी तफावत टिकते. घर चालवायला हात आखडता घ्यायचा आणि घरातून मूल काढायला तिजोरी उघडायची, असे धोरण कायद्यानेच घडवले आहे. म्हणून ज्या समाजाला गरिबीत ठेवले गेले, त्याचीच मुले अधिक जातात.

या धोरणाची सुरुवात मदतीच्या योजनांतच सापडते. १९११ पासून अनेक राज्यांनी निराधार मातांना निर्वाहवेतन दिले, पण त्याचा लाभ मुख्यतः गोऱ्या विधवांना झाला. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने संघराज्याचा पैसा आला, तरी पात्रता ठरवणे राज्यांच्याच हाती राहिले. लुइझियानाने १९६० मध्ये ‘अयोग्य घर’ ठरवून सुमारे २३,००० मुलांची मदत तोडली. ही मुले बहुतांशी कृष्णवर्णीय होती आणि आईला विवाहाबाहेर मूल झाले, एवढे कारण त्यासाठी पुरे होते. देशभर संताप उसळल्यावर संघीय मंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी १९६१ च्या जानेवारीत नियम केला: घर अयोग्य असेल तर ते सुधारा किंवा मुलाची दुसरीकडे सोय करा, पण त्याला उपाशी ठेवू नका. हेतू दयाळू होता. मात्र त्याच वर्षी संसदेने घराबाहेर ठेवलेल्या मुलांसाठी निधी मंजूर केला, आणि ज्या आईची मदत कालपर्यंत तोडली जात होती, तिचे मूलच आता नेता येऊ लागले.

आदिवासी कुटुंबांचा अनुभव याहून उघड होता. १९५८ ते १९६७ या काळात सरकारी पाठबळाने एक दत्तक प्रकल्प चालला आणि त्यात आदिवासी मुले मुख्यतः गोऱ्या कुटुंबांना दिली गेली. १९७० च्या दशकातील पाहण्यांत २५ ते ३५ टक्के आदिवासी मुले घराबाहेर असल्याचे दिसले, तेव्हा १९७८ चा इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट आला. नातेवाइकांना व जमातीला प्राधान्य देणारा हा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी कायम ठेवला. कृष्णवर्णीय मुलांसाठी असे संघीय संरक्षण कधीच झाले नाही.

फॉस्टर केअरमधल्या बहुसंख्य मुलांच्या कागदावर कारण असते ते हेळसांडीचे. मारहाणीचे प्रमाण त्याच्या तुलनेत फार कमी आहे. वीज तुटलेले घर, पाळणाघराचा खर्च न झेपल्याने एकटे राहिलेले मूल, अपुरे अन्न यांतले पुष्कळसे या एकाच सदरात जमा होते. १९८० च्या कायद्याने पात्र मुलांच्या फॉस्टर केअरसाठी राज्यांना मर्यादा न घालता खर्चाचा वाटा देऊ केला, तर घर सांभाळण्यासाठीचा निधी मर्यादित ठेवला. १९९७ च्या कायद्याने त्यावर मुदतही लादली: बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने मूल बाहेर राहिले की, काही अपवाद सोडल्यास, राज्याने पालकत्व संपवण्याची कारवाई सुरू करायची. तुरुंगातल्या किंवा भाड्याचे घर शोधणाऱ्या आईला हा काळ पुरत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे: कृष्णवर्णीय मुलांना धोकाच अधिक असेल, तर तफावत म्हणजे संरक्षण होय, अन्याय नव्हे. २०१० च्या चौथ्या राष्ट्रीय पाहणीत छळ-हेळसांडीचे प्रमाण कृष्णवर्णीय मुलांत जास्त आढळले, हे खरे. आधीच्या पाहण्यांत तसा फरक नव्हता, आणि संशोधकांनी त्याचा संबंध अंशतः दोन समाजांतील वाढत्या आर्थिक अंतराशी जोडला. म्हणजे धोक्याचे मूळही धोरणाकडेच जाते. शिवाय वर्तन सारखे असतानाही वागणूक वेगळी मिळते. फ्लोरिडातील पिनेलास परगण्यात १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत गरोदर गोऱ्या व कृष्णवर्णीय स्त्रियांत मादक द्रव्यांचे प्रमाण जवळपास सारखे निघाले, तरी कृष्णवर्णीय स्त्रियांची तक्रार सुमारे दहापट अधिक झाली होती.

दुसरा आक्षेप जीविताचा: मूल नेले नाही आणि ते दगावले तर? जिवावर बेतणाऱ्या छळात मूल काढलेच पाहिजे, याबद्दल दुमत नसावे. प्रश्न सीमेवरच्या प्रकरणांचा आहे. जोसेफ डॉयल यांच्या इलिनॉयमधील २००७ च्या अभ्यासात अशी मुले घरीच राहिली तर पुढे बरी निघाली. मिशिगनमधल्या नंतरच्या अभ्यासाने मात्र फॉस्टर केअरचा लाभ दाखवला. पण तिथली बहुतेक मुले घरी परतली होती, आणि सुधारणा मुख्यतः परतल्यानंतर दिसली. म्हणजे हे निष्कर्षही घर सावरण्याच्याच बाजूचे ठरतात.

घर सावरायला काय लागते, याचा पुरावा पैशाकडे बोट दाखवतो. किमान वेतन तासाला एका डॉलरने वाढले की हेळसांडीच्या तक्रारी सुमारे ९.६ टक्क्यांनी घटतात, असे २०१७ च्या एका अभ्यासात आढळले. २०२१ च्या वाढीव बालक-करसवलतीने बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आले. ती संपताच २०२२ मध्ये ते १२.४ टक्के झाले. २०१८ च्या संघीय कायद्याने प्रतिबंधासाठी निधी खुला केला खरा, पण तो मानसोपचार, व्यसनमुक्ती आणि पालकत्वाच्या प्रशिक्षणापुरता. थकलेले घरभाडे त्यातून भरता येत नाही.