पांढरी आणि मळी : दूधगंगा-वेदगंगेकाठची घरे

कागलहून निपाणीकडे जाताना दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळीची शीव लागते. तेथून यमगर्णीच्या वेदगंगा पुलापर्यंतचा टापू या दोन नद्यांच्या मधला. सह्याद्रीत उगम पावलेल्या या दोघी भोज गावाजवळ एकत्र होतात आणि पुढे कृष्णेस मिळतात. कृष्णा तुडुंब असली म्हणजे त्यांच्या पाण्यास पुढे वाट राहत नाही. ते मागे सरते आणि काठच्या शिवारात पसरते. महापुराचे हे साधे गणित येथील जुन्या वसाहतकारांस पुरते अवगत होते.

त्याची साक्ष भाषेतच आहे. घरांची जागा ती पांढरी, पिकांची ती काळी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथामुळे ही शब्दांची जोडी सुशिक्षितांच्याही परिचयाची झाली. पांढरी बहुधा उंचवट्यावर असे, आणि पिढ्यान् पिढ्या ती आणखी उंच होत जाई. मातीची भिंत पडे, तिच्याच ढिगावर नवी उभी राही. चुलीची राख आणि गोठ्याचा केर तेथेच जिरे. पडलेल्या घरांनीच पुढच्या घरांचे जोते चढविले, असे म्हणावयास हरकत नाही. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीस मात्र मळी म्हणत. ती दरसाल पुराखाली जाई, म्हणूनच ती कसदार. तेथे राखणीची खोप पडे. कुटुंब नांदत नसे.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरली जाते. पांढरीवर सर्वांना सारखी जागा नव्हती. गावकुसाबाहेर ज्यांना राहावे लागले, त्यांनी आपली जागा निवडलेली नव्हती; सखल भाग वाट्यास आला तर तेथेच संसार करावा लागे. पूरभूमीवर घर बांधणे हा केवळ अलीकडच्या अविचाराचा प्रकार नाही. तो पूर्वापार निरुपायाचाही आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेने नदीचे वरचे खोरे एका राज्यात आणि खालची गावे दुसऱ्या राज्यात गेली. पुढे उपसा सिंचन आले, ऊस आला, आणि मळ्यात राहण्याची सोय ही गरज बनली. भाऊबंदकीच्या वाटण्यांत गावठाण पुरेना. हमरस्ता चौपदरी झाला तशी त्याच्या कडेची जमीन गुंठ्यांनी विकली जाऊ लागली. रस्त्याचा भराव पाणी अडवतो, ही काठावरच्या गावांची तक्रार तेव्हापासूनची. मोठा पूर दरवर्षी येत नाही. एका पिढीने पाहिलेली पाण्याची खूण दुसरीला सांगोवांगीची वाटते, आणि जागा तर स्वस्त मिळते.

२००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांनी ती खूण पुन्हा दाखविली. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर, तर २०२१ मध्ये ५६ फुटांच्याही वर गेले. दोन्ही वेळा महामार्ग बंद पडला आणि निपाणीच्या बाजूस मालमोटारी खोळंबल्या. मातीचे घर पाण्यात लगेच पडत नाही. पायथा अनेक दिवस भिजत राहतो. पाणी ओसरून लोक केरसुणी घेऊन परततात, आणि भिंत तेव्हा बसते.

दोष कोणाचा, हा वाद अलमट्टीभोवती फिरत राहिला. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये २०१९ च्या पुराचे खापर त्या धरणावर फोडले नाही. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणे तिने पुढे मांडली. तो निष्कर्ष सर्वांस मान्य झाला नाही. परंतु धरणाच्या उंचीवर जेवढी चर्चा झाली, तिच्या चतुर्थांशही घराच्या जोत्यावर झाली नाही, हे खेदाने नोंदवावे लागते. पूरक्षेत्रात बांधकामावर निर्बंध घालणाऱ्या कायद्याचा नमुना केंद्राने १९७५ मध्येच राज्यांकडे धाडला होता. महाराष्ट्राने १९८९ च्या परिपत्रकाने निळी आणि लाल पूररेषा आणली : पहिली साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. कायदा मात्र ना महाराष्ट्राने केला, ना कर्नाटकाने. शिवाय परिपत्रक राज्याच्या हद्दीपुरते. नदी दूधगंगेच्या पुलाशी थांबत नाही.

२०१९ नंतर कर्नाटक शासनाने पूर्ण पडलेल्या घरास ५ लाख रुपये जाहीर केले. रक्कम थोडी नव्हती. पण नवे घर बांधायचे कोठे? उताऱ्यावर नाव जुन्याच जागेचे. मग जुन्याच जोत्यावर सिमेंटची भिंत चढते. ती पाण्याने पडणार नाही. पाणी आत येईल एवढेच. उंचावर पर्यायी जागा मिळाली तरी ती शिवारापासून दूर पडते. पहाटेची धार, संध्याकाळची वैरण, रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेवर उसाला द्यावयाचे पाणी, हे सारे मळीतच राहते. पावसाळ्याचे दोन महिने वर आणि दहा महिने खाली, अशी दोन घरे ठेवण्याची ऐपत थोड्यांचीच. उरलेले श्रावणात रात्री उठून कंदिलाच्या वा बॅटरीच्या उजेडात उंबऱ्यापाशी रोवलेली काठी पाहून येतात.