‘क्लासिक’ या संज्ञेचे कूळ

‘क्लासिक’साठी आपण ‘अभिजात’ हा प्रतिशब्द इतक्या सहजपणे योजतो, की या दोन शब्दांची कुळे निराळी आहेत याचा विसर पडावा. इंग्रजीत रुळलेल्या या विशेषणाचे मूळ ‘क्लासिकस’ या लॅटिन शब्दात आहे आणि तो शब्द साहित्यचर्चेतला नव्हे, मालमत्तेच्या गणनेतला आहे. राजा सर्व्हियस टुलियस याने रोमन नागरिकांचे संपत्तीनुसार पाच वर्ग पाडले, असे परंपरा सांगते. त्यांपैकी फक्त पहिल्या वर्गातील नागरिक ‘क्लासिकस’, बाकीचे वर्गाखालचे. ज्याच्यापाशी राज्याला देण्यासारखे संततीखेरीज काही नाही, तो ‘प्रोलेटारियस’.

हा शब्द लेखकाला लावलेला आढळतो तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ऑलस गेलियसच्या ‘अ‍ॅटिक नाइट्स’ या ग्रंथात. प्रसंग तसा क्षुल्लक आहे. ‘वाळू’ या अर्थाचा शब्द अनेकवचनात चालेल काय, चार घोड्यांच्या रथाचा शब्द एकवचनात चालेल काय, असा व्याकरणाचा वाद आहे. फ्रोंटो सुचवतो, की जुन्या वक्त्या-कवींचा दाखला शोधावा. मात्र तो लेखक ‘क्लासिकस’ असावा, ‘प्रोलेटारियस’ नसावा. यात थट्टेची छटा असेलही. परंतु येथे सौंदर्याचा वा चिरंतनतेचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो पत असण्याचा: कोणाचा शब्द खात्रीने स्वीकारावा, एवढाच. (मार्क्सवादी समीक्षेचा लाडका शब्दही याच वाक्यात ‘क्लासिक’च्या शेजारी बसलेला आहे, ही मौज नोंदवण्यासारखी.)

१८५० मध्ये सँत-बव्हने आपल्या विवेचनात गेलियसची आठवण ठेवली होती. १९४४ च्या व्याख्यानात एलियटने प्रगल्भतेला मध्यवर्ती स्थान दिले. तेथे ही हिशेबवही दृष्टिआड झाली आहे.

मराठीत मात्र वेगळेच घडले. ‘अभिजात’ म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. संपत्तीची जागा जन्माने घेतली. रोमन नागरिकाचा वर्ग पुढच्या गणनेत बदलू शकत असे. जन्म बदलत नाही. दलित साहित्याच्या चर्चेत ‘अभिजात’ या निकषाविषयी जो अविश्वास प्रकट झाला, त्याला ही व्युत्पत्ती पूरकच ठरते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. त्यासाठी वर्षानुवर्षे जे पुरावे मांडले गेले, त्यांत नाणेघाटातील शिलालेख आणि ‘गाथासप्तशती’ अग्रभागी होती, म्हणजे प्रामुख्याने वंशावळच.