व्हिन्सेंटचा गृहपाठ

माणसाचं चित्र काढणं शिकता येतं, की ते मुळात 'हातातच असावं' लागतं? हा वाद निघाला की कुणीतरी व्हॅन गॉगचं नाव घेतंच. शाळा नाही, नियम नाहीत, नुसती आतली आग! सिनेमासाठी हे झकास आहे. खरी गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त धीर देणारी.

१८८० साल. बेल्जियमच्या कोळसाखाणींच्या भागात व्हिन्सेंट राहत होता. वय २७. चित्रविक्रीची नोकरी १८७६ मध्येच सुटलेली, धर्मप्रचारकाचं कामही संपलेलं. अशा वेळी गड्यानं ठरवलं की आता चित्रकार व्हायचं. मग पहिली गोष्ट काय केली असेल? तर अभ्यासक्रम मागवला!

हा अभ्यासक्रम शार्ल बार्ग या चित्रकारानं जेरोमच्या मदतीनं तयार केला होता. १८६० च्या दशकाच्या शेवटी तो निघायला लागला आणि एकूण १९७ पानांचा झाला. छापणारी कंपनी गूपील, म्हणजे व्हिन्सेंट जिथे नोकरीला होता तीच! तिच्या हेगच्या दुकानाचे व्यवस्थापक टर्स्टीग हे त्याचे जुने साहेब. त्यांच्याकडूनच त्यानं ही पानं उसनी मिळवली.

बार्गची पद्धत आपल्या प्रोग्रामर मंडळींना लगेच पटेल. डोळ्या-नाकापासून सुरुवात करायचीच नाही. आधी सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बिंदू. मग ओळंब्यासारखी एक उभी रेघ, आणि तिच्याशी खांदा, कंबर, गुडघा किती कोनात आहेत ते बघायचं. सगळी आकृती मोजक्या सरळ रेघांत कोंडायची. मग त्या रेघा मोडत मोडत वळणं आणायची. बारकावे सगळ्यात शेवटी. थोडक्यात टॉप-डाऊन डिझाइन!

यातला 'कोळशाचे सराव' हा ६० पानांचा भाग म्हणजे मुख्यतः नग्न मानवाकृतींच्या बाह्यरेषा. मुक्कामाची खोली लहान, त्यात दोन खाटा, आणि कागद मोठे. तरी व्हिन्सेंटनं ती साठच्या साठ पानं उतरवून काढली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. बार्ग नजर तयार करतो, पण कातडीखाली काय आहे ते सांगत नाही. म्हणून शरीररचनेचं आणि यथार्थदर्शनाचं अशी वेगळी पुस्तकंही त्यानं धुंडाळली.

एवढं करून तो 'अचूक' चित्रकार झाला का? नाही. १८८५ मध्ये 'बटाटे खाणारे' या चित्राचं शिळाछाप त्यानं रापार्ड या मित्राला पाठवलं. मित्रानं आकृत्यांच्या चुकांवरून त्याला असं झापलं की मैत्रीच तुटली. त्याच सुमारास व्हिन्सेंटनं भावाला, थेओला, लिहिलं की माझ्या आकृत्या शाळकरी अर्थानं बरोबर आल्या तर मी हताश होईन. कामात वाकलेलं माणूस त्याला हवं होतं, पोज देऊन उभं राहिलेलं नको होतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, बघा, शेवटी नियम फेकूनच दिले ना!

थांबा. जून १८९०. 'सूर्यफुलं' काढून झालीत, 'तारांकित रात्र' काढून झालीय. पॅरिसजवळच्या ओव्हेर गावातून तो थेओकडे काय मागतो? बार्गची तीच ६० पानं. प्रमाणाचा आणि मानवाकृतीचा अभ्यास सुटला तर पुढे अडचण होईल, म्हणून ती सगळी पुन्हा उतरवायची होती. त्या सुमाराची त्याची बार्गवरून केलेली रेखाटनं आजही आहेत. २९ जुलैला तो गेला.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. नियम पाठ केले, मुद्दाम मोडले, आणि तरीही त्यांच्याकडे परत गेला. बार्गची पद्धत त्याच्यासाठी शिडी नव्हतीच, की वर चढलो आणि ढकलून दिली. गवयाच्या रियाजासारखी होती ती. मैफल कितीही रंगली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी षड्ज लावायचाच.

बार्गचा अभ्यासक्रम २००३ मध्ये जेराल्ड अ‍ॅकरमन यांनी पुन्हा पुस्तकरूपात आणला. तेव्हा 'आपल्या हातात कला नाही बुवा' असं म्हणण्याआधी एवढं आठवा: २७ व्या वर्षी सुरुवात, पानं ६०, आणि ३७ व्या वर्षी पुन्हा पान एकपासून.